गोठ्यातील रोग आणि विषाणूची वंशावळ

सुपे (ता. बारामती) : बारामती तालुक्यातील सुपे परिसर हा वर्षानुवर्षे अवर्षणाशी झगडणारा भाग. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर तालुक्याच्या बागायती पट्ट्यात ऊस उभा राहिला. सुप्याकडील जिरायती गावांत मात्र ज्वारी, बाजरी आणि दावणीच्या चार गाई यांवरच संसाराचा हिशोब चालत आला. पावसाने दगा दिला तरी डेअरीतून येणारा दुधाचा पगार चुकत नाही, हा या भागाचा आधार. दावणीची एक दुभती गाय आजारी पडली, की हा हिशोब कोलमडतो.

२०२२ मध्ये लम्पी त्वचा रोगाची मोठी साथ महाराष्ट्रात पसरली तेव्हा याचा अनुभव राज्यभर आला. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राज्य शासनाने संपूर्ण राज्य 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर केले. गुरांचे बाजार, प्रदर्शने आणि शर्यती बंद झाल्या, जनावरांच्या वाहतुकीवर निर्बंध आले. दगावलेल्या दुभत्या गाईसाठी ३० हजार, ओढकाम करणाऱ्या बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये अर्थसाह्य ठरले. चांगल्या संकरित गाईची बाजारातील किंमत यापेक्षा बरीच अधिक असते.

अशा वेळी गोठ्यासमोर उभ्या असलेल्या पशुवैद्यकापुढे तीन प्रश्न असतात. हा विषाणू नेमका कोणता? तो कोठून आला? आणि हाती असलेली लस त्यावर चालेल काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे केवळ डोळ्यांनी पाहून मिळत नाहीत. ती विषाणूच्या जनुकीय मजकुरात दडलेली असतात. तो मजकूर अक्षरशः वाचून काढण्याच्या पद्धतीस जनुकीय क्रमनिर्धारण, म्हणजेच सिक्वेन्सिंग, असे म्हणतात.

लक्षणे सारखी, विषाणू निराळे

जनावरांच्या साथींना आपल्याकडे पूर्वापार लक्षणांवरूनच नावे पडली आहेत. तोंडातून लाळ गळते आणि खुरांत जखमा होतात म्हणून लाळ्या खुरकूत; अंगावर गाठी येतात म्हणून लम्पी. नावे सोयीची असली तरी लक्षणे फसवी असतात. गाईच्या अंगावर गाठी आणणारा एक हर्पिस गटातील विषाणूही आहे. त्याच्या गाठी वरवरच्या असतात आणि आजार सौम्य असतो. परंतु पहिल्या दोन-चार दिवसांत तो लम्पीसारखाच भासू शकतो. एकाच्या बाबतीत बाजार बंद करावा लागतो, दुसऱ्याच्या बाबतीत त्याची गरज नसते.

अशा फसगतीची किंमत देशाने पूर्वी मोजली आहे. बुळकांडी या रोगाने एकेकाळी भारतातील गोधन उजाड केले होते. गुरांच्या रोगांच्या संशोधनासाठी ब्रिटिश सरकारने १८८९ मध्ये 'इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' स्थापन केली ती पुण्यात. १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली आणि तिचाच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था असा विस्तार झाला. बुळकांडीविरुद्धची देशव्यापी मोहीम १९५४ मध्ये सुरू झाली आणि शेवटचा रुग्ण १९९५ मध्ये तमिळनाडूत आढळला.

या मोहिमेत एक अडचण होती. शेळ्या-मेंढ्यांमध्ये बुळकांडीसारखाच दिसणारा 'पीपीआर' नावाचा रोग आढळत असे, आणि त्याचा विषाणूही बुळकांडीच्याच कुळातला. भारतात पीपीआरची पहिली निश्चित नोंद १९८७ मध्ये तमिळनाडूत झाली. त्यापूर्वी शेळ्यांमधील अशा साथी बुळकांडीच्याच खात्यावर मांडल्या जात. दोन्ही विषाणूंच्या जनुकांतील फरक हेरणाऱ्या चाचण्या हाती आल्यावर हा गोंधळ संपला. बुळकांडी खरोखर संपली की शेळ्यांच्या रूपाने मागे उरली आहे, हे सांगण्यासाठी विषाणूंची अचूक ओळख अनिवार्य होती. २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये संपूर्ण जग बुळकांडीमुक्त घोषित झाले, त्यामागे लसीकरणाइतकेच या ओळखपरेडीचेही श्रेय आहे.

नकलांतील चुका आणि घराणी

विषाणूचे वर्गीकरण समजून घेण्यासाठी पुणेकरांना एक परिचित उदाहरण देता येईल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यासाठी देशभरातील हस्तलिखित पोथ्या पदर जुळवून तपासण्यात आल्या. एखाद्या नकलाकाराने केलेली चूक त्याच्या पोथीवरून उतरविलेल्या प्रत्येक प्रतीत उतरते. त्यामुळे समान पाठभेद असलेल्या पोथ्या एका घराण्याच्या, असे मानून त्यांची वंशावळ मांडता येते.

विषाणूचेही असेच आहे. जनावराच्या शरीरात तो स्वतःच्या कोट्यवधी नकला काढतो. प्रत्येक नकलेत काही अक्षरे बदलण्याची शक्यता असते आणि झालेला बदल पुढील पिढीत उतरतो. दोन गावांतील विषाणूंमध्ये तेच बदल आढळले, तर ते एकाच शाखेचे. बदल निराळे असतील, तर त्यांच्या वाटा पूर्वीच फुटलेल्या.

ही अक्षरे चारच असतात. त्यांचा क्रम वाचण्याची पद्धत ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये विकसित केली. आज नमुन्यातून प्रथम विषाणूचे जनुकीय द्रव्य वेगळे केले जाते. विषाणू आरएनए प्रकारचा असल्यास त्याचे डीएनएत रूपांतर करतात. नंतर 'पीसीआर' या तंत्राने हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून यंत्राद्वारे अक्षरांचा क्रम वाचला जातो. नव्या पिढीच्या यंत्रांमुळे एका तुकड्याऐवजी संपूर्ण जनुकसंचही वाचता येतो. वाचलेला क्रम जगभरातील सार्वजनिक संग्रहांत साठविलेल्या क्रमांशी ताडून पाहिला, की नव्या विषाणूचे घराणे निश्चित होते.

लाळ्या खुरकूत : सात प्रकार, अनेक शाखा

या पद्धतीचा सर्वाधिक उपयोग झाला तो लाळ्या खुरकूत रोगात. या रोगाचे कारण जिवाणूंना अडविणाऱ्या गाळणीतूनही पार होते, हे जर्मन शास्त्रज्ञ लोफ्लर आणि फ्रॉश यांनी १८९८ मध्ये दाखविले. प्राण्यांच्या रोगाचा विषाणू शोधला गेला तो हा पहिलाच. १९२२ मध्ये फ्रान्समध्ये त्याचे 'ओ' आणि 'ए' हे दोन प्रकार ओळखले गेले. पुढे 'सी', आफ्रिकेतील तीन 'सॅट' प्रकार आणि 'एशिया-१' यांची भर पडून एकूण सात प्रकार झाले.

हे प्रकार केवळ ग्रंथातले नाहीत. 'ओ' प्रकाराची लस टोचलेल्या गाईला 'ए' प्रकारापासून संरक्षण मिळत नाही. म्हणूनच भारतातील लशीत 'ओ', 'ए' आणि 'एशिया-१' असे तिन्ही प्रकार एकत्र असतात. 'सी' प्रकार भारतात १९९५ नंतर आढळला नाही आणि पुढे तो लशीतूनही वगळण्यात आला. नसलेल्या शत्रूसाठी प्रत्येक मात्रेत खर्च करण्याचे कारण उरले नाही, हा निष्कर्षही वर्षानुवर्षे गोळा केलेल्या नमुन्यांच्या वर्गीकरणातूनच निघाला.

प्रकाराच्या पुढे शाखा येतात. या विषाणूचा संपूर्ण जनुकसंच सुमारे ८,४०० अक्षरांचा असतो. त्यातील 'व्हीपी-१' हा सुमारे ६३० अक्षरांचा तुकडा विषाणूच्या बाह्य कवचातील प्रथिन घडवितो. जनावराची रोगप्रतिकारशक्ती मुख्यतः याच कवचाला ओळखत असल्याने वर्गीकरणासाठी हा तुकडा निवडला जातो. दोन निरनिराळ्या प्रकारांत त्यातील ३० ते ५० टक्के अक्षरे वेगळी असतात. एकाच प्रकारात १५ टक्क्यांहून अधिक फरक आढळल्यास विषाणू निराळ्या भौगोलिक गटातील मानला जातो, आणि त्याखालील लहान फरकांवरून शाखा-उपशाखा ठरतात.

अशाच वाचनातून भारतीय उपखंडाशी निगडित दोन शाखांचा जगभरचा प्रवास उघड झाला. 'ओ' प्रकारातील 'पॅनएशिया' शाखेचा माग १९९० मधील उत्तर भारतापर्यंत लागला. हीच शाखा २००१ मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचली आणि तेथे साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. 'इंड-२००१' ही दुसरी शाखा २०१३ पासून लिबिया, सौदी अरेबिया आणि पुढे उत्तर आफ्रिकेतील इतर देशांत आढळली.

२००७ मध्ये ब्रिटनच्या सरे परगण्यात पुन्हा रोग उद्भवला तेव्हा क्रमनिर्धारणाने वेगळेच सत्य समोर आणले. तेथे सापडलेला विषाणू त्या काळी जगात कोठेही फिरत नव्हता. तो १९६७ मधील, प्रयोगशाळांत जतन केलेल्या वाणाशी जुळला. शोध जवळच्याच पिरब्राइट येथील संशोधन व लसनिर्मितीच्या आवारापर्यंत पोहोचला. विषाणू परदेशातून आला की कुंपणाआडून निसटला, हे अक्षरांनीच सांगितले.

भारतात या कामाची धुरा भुवनेश्वरजवळील अरुगुल येथील राष्ट्रीय लाळ्या खुरकूत संस्था वाहते. राज्योराज्यीच्या केंद्रांचे जाळे तिला नमुने पुरविते आणि त्यातील एक केंद्र पुण्यात आहे. या शतकाच्या आरंभी 'ए' प्रकारात कवचातील एक घटक गळालेली नवी शाखा प्रबळ झाल्याचे या संस्थेच्या पूर्वरूपातील शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. 'ए' प्रकारासाठी लशीत वापरला जाणारा १९८२ चा वाण बदलून त्याजागी २००० सालचा वाण घेण्यात आला. 'ओ' प्रकारासाठी मात्र १९७५ चा वाण पुढील अनेक दशके कायम राहिला. शाखा बदलली म्हणजे लस निकामी झाली, असे नव्हे. क्रमनिर्धारण इशारा देते. लस बदलायची किंवा नाही, याचा निर्णय प्रतिपिंडांच्या चाचणीनंतरच होतो.

लम्पी : संथ विषाणूचे दोन चेहरे

लम्पीचा विषाणू मुळातच वेगळ्या घडणीचा आहे. तो देवीच्या विषाणूंच्या विस्तृत कुळातला असून शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचे विषाणू हे त्याचे सख्खे भाऊ. त्याचा जनुकसंच डीएनएचा आणि सुमारे दीड लाख अक्षरांचा. नकला काढताना तो फारशा चुका करीत नाही. त्यामुळे सहाशे अक्षरांचा एखादा तुकडा वाचून त्याचे घराणे ओळखता आले, तरी शाखा ओळखणे कठीण जाते.

हा रोग १९२९ मध्ये आफ्रिकेतील झाम्बिया या आजच्या देशात प्रथम वर्णिला गेला. भारतात तो ऑगस्ट २०१९ मध्ये ओडिशात दाखल झाला. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने तेथील नमुन्यांतील तीन जनुके वाचली. हे विषाणू एकमेकांशी तंतोतंत जुळणारे होते आणि युरोपातील अलीकडच्या वाणांपेक्षा केनियातील जुन्या वाणांना अधिक जवळचे होते. महाराष्ट्रात हा रोग २०२० मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दिसला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून पसरलेली साथ मात्र कितीतरी उग्र होती. त्या वर्षी देशभरात एक लाखाहून अधिक जनावरे दगावली.

तीन वर्षांत विषाणू बदलला होता काय, हा साहजिक प्रश्न होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. उत्पल टाटू यांच्या गटाने अन्य संस्थांच्या सहकार्याने महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान आणि कर्नाटक येथील आजारी गुरांचे नमुने मिळवून २२ विषाणूंचे संपूर्ण जनुकसंच वाचले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात देशात दोन वेगवेगळे वाण फिरत असल्याचे आढळले. एक वाण २०१९ मधील रांची आणि २०२० मधील हैदराबाद येथील वाणांशी जुळणारा होता. दुसऱ्यात बदलांची संख्या बरीच मोठी होती आणि तो २०१५ मधील रशियातील साथीच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. सर्व नमुन्यांत मिळून १,८०० हून अधिक बदल मोजले गेले. संथ मानल्या गेलेल्या विषाणूच्या बाबतीत ही संख्या लक्षणीय आहे.

लस कोणत्या घराण्याची?

वर्गीकरणातील चूक किती महागात पडू शकते, याचे उदाहरण लम्पीच्याच इतिहासात आहे. केनियात मेंढ्यांपासून मिळविलेला एक वाण मेंढ्या आणि शेळ्यांच्या देवीचा समजून अनेक वर्षे लशीसाठी वापरला गेला. पुढे त्याची जनुके वाचली असता तो प्रत्यक्षात लम्पीचाच विषाणू असल्याचे सिद्ध झाले. 'परक्या' विषाणूची म्हणून सुरक्षित मानलेली लस गाईंच्या दृष्टीने पुरेशी सौम्य केलेलीच नव्हती. रशियात २०१७ मध्ये आणि त्यानंतर चीन, व्हिएतनाम, थायलंड येथे आढळलेले विषाणू तर लशीतील आणि रानटी वाणांच्या जनुकांची सरमिसळ झालेले होते. त्यांचे मूळ एका सदोष लशीत मिसळलेल्या निरनिराळ्या वाणांत असल्याचे क्रमनिर्धारणावरूनच दिसून आले.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचण्यात आली. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशीय जनावरे आहेत, यावरून या मोहिमेचा आवाका लक्षात यावा. दोन्ही विषाणू एकाच कुळातील असल्याने ही लस लम्पीविरुद्ध काही प्रमाणात संरक्षण देते. दरम्यान, हिसार आणि इज्जतनगर येथील संशोधन संस्थांनी रांचीतील २०१९ च्या विषाणूवरून 'लम्पी-प्रोव्हॅक-इंड' ही स्वदेशी लस विकसित करून १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर केली. तिच्या उत्पादनासाठी पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेशी डिसेंबर २०२२ मध्ये करार झाला. ज्या रांची वाणावरून ही लस बनली, त्याच्याशी साम्य नसलेला दुसरा वाणही देशात आहे. म्हणूनच साथीच्या प्रत्येक लाटेत नवे नमुने वाचत राहणे हे निव्वळ संशोधकांच्या कुतूहलाचे काम उरलेले नाही.

शहरी ग्राहकांचाही या वर्गीकरणाशी थेट संबंध आहे. २०२२ मध्ये दुधाविषयी अनेक अफवा पसरल्या. लम्पीचा विषाणू माणसाला बाधत नाही. परंतु देवीच्याच विस्तृत कुळातील म्हशींच्या देवीचा विषाणू धार काढणाऱ्यांच्या हातांना फोड आणू शकतो. सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत २००९ मध्ये म्हशी आणि माणसे अशा दोहोंत उद्भवलेल्या साथीत हाच विषाणू असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीतून निश्चित झाले. इंदापूर तालुक्याची हद्द सोलापूर जिल्ह्याला लागूनच आहे. अंगावरचा फोड कोणत्या शाखेचा, यावर गवळ्याने काय काळजी घ्यावी हे ठरते.

गोठ्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

यंत्रे कितीही अद्ययावत असली तरी वाचायला मजकूर शाबूत पोहोचावा लागतो. लाळ्या खुरकूतमध्ये जिभेवरील ताज्या फोडाची साल हा सर्वोत्तम नमुना. हा विषाणू आम्लात तग धरत नाही म्हणून साल आम्लता रोखणाऱ्या ग्लिसरीनच्या द्रावणात बुडवून बर्फावर ठेवावी लागते. लम्पीमध्ये गाठीची खपली, रक्त आणि नाकातील स्राव घेतला जातो. नमुना पशुवैद्यकानेच घ्यावयाचा असतो. तालुक्याच्या दवाखान्यातून तो पुण्यातील औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे आणि गरजेनुसार भोपाळ किंवा भुवनेश्वरला जातो. उन्हात दोन दिवस पडून राहिलेल्या बाटलीतून विषाणूची वंशावळ निघत नाही.

येथेच सुप्यासारख्या भागाची खरी भूमिका सुरू होते. बाजार बंद होईल, दूध नाकारले जाईल या धास्तीने आजार लपविण्याची किंवा आजारी जनावर घाईने विकून टाकण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. असे विकलेले जनावर विषाणूला दुसऱ्या तालुक्यात नेते आणि त्याच्या प्रवासातील एक दुवा कायमचा निसटतो. २००९ च्या केंद्रीय अधिनियमानुसार अधिसूचित रोगाची खबर देणे हे पशुपालकाचे कर्तव्य आहे. जनावराच्या कानातील बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक नमुन्यासोबत नोंदविला गेला, तर ते जनावर कोणाचे, कोठले आणि त्याला कधी लस टोचली होती, हेही विषाणूच्या क्रमाशी जोडता येते.

सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाने २०३० पर्यंत लाळ्या खुरकूतच्या उच्चाटनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. बुळकांडीचा अनुभव असा, की शेवटच्या टप्प्यात लशीच्या बाटल्यांइतकेच महत्त्व अचूक ओळखीला येते. क्रमनिर्धारणाने आजारी गाय बरी होत नाही. ती बरी करण्यासाठी शुश्रूषा, जखमांवरील उपचार आणि माश्या-गोचिडांचा बंदोबस्त हेच मार्ग आहेत. परंतु पुढच्या गोठ्यातील गाईला कोणती लस टोचावी, कोणता बाजार किती दिवस बंद ठेवावा आणि तो केव्हा उघडावा, हे त्या चार अक्षरांच्या मजकुरावरून ठरविता येते. जिरायती पट्ट्यातील कुटुंबासाठी बाजाराचा एक अनावश्यक बंद आठवडाही दुधाच्या पगारातून वजा होतो, आणि एक आवश्यक आठवडा टाळला तर गायच वजा होते.